चेंबर नंबर चारमधला राणी रंग

जबाब
दिनांक २२ जुलै २०२५, मंगळवार. वेळ दुपारी १२.४०.

नाव: रशीदा नियाज रंगरेज. वय: ५९ वर्षे. व्यवसाय: कापड रंगवणे, रविवार पेठेत स्वतःचे दुकान. राहणार: फ्लॅट नंबर ३०४, बी विंग, नीलकाठ सहकारी गृहरचना संस्था, धायरी, पुणे.

आज निरोप आल्यावरून मी स्वतः ठाण्यात आले असून, महिला हवालदार सोनाली मॅडम यांनी जे विचारले त्याला उत्तर म्हणून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगा तन्वीर व सून अरिबा यांच्यासोबत दोन वर्षांपासून राहते. माझे पती नियाज हे २०१९ साली वारले. दुकान सासऱ्यांच्या वेळचे आहे व पती गेल्यापासून मीच चालवते. ओढण्या, ब्लाउजपीस, परकर साडीला जुळवून रंगवून देणे हे काम आहे. गिऱ्हाईक साडीचा काठ दाखवते व म्हणते, "असाच, पण जरा कमी." तो 'जरा कमी' मी चाळीस वर्षे काढत आले आहे. हे सांगण्याचे कारण असे की तक्रारीत माझा उल्लेख 'रसायनांची माहिती असलेली महिला' असा केला आहे. तो खरा आहे. तक्रारीतल्या बाकी मजकुराबद्दल तसे म्हणता आले असते तर मला आनंद झाला असता.

तक्रार आमच्या सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब जगदाळे यांनी दिली आहे. ते बँकेतून निवृत्त आहेत व ए विंगमध्ये राहतात. दिनांक २० जुलै रोजी सकाळी आठ वाजता मी सोसायटीच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत विषारी द्रव्य टाकले आणि त्यांची मुलगी पायल हिच्या डोहाळजेवणात विघ्न आणले, असे त्यांचे म्हणणे आहे. तारीख बरोबर आहे. वेळ सात पन्नास होती. मुलगी त्यांचीच आहे. टाकी व विष याबाबत पुढे सांगते.

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा छापील माहितीपुस्तिकेत 'ओढ्याकाठचे प्रसन्न जीवन' असे लिहिले होते व ओढ्याचे चित्र निळ्या रंगात होते. त्या निळ्याबद्दल मी माझ्या व्यवसायामुळे खात्रीने बोलू शकते. तसा निळा कापडावरही सहजी येत नाही. प्रत्यक्षात ओढा सोसायटीच्या खालून जातो. विकसकाने तो मोठ्या पाईपमध्ये घातला, वर माती टाकली, मातीवर फरशीचे ठोकळे बसवले व ठोकळ्यांवर मुलांची घसरगुंडी बसवली. आवारातले पावसाचे पाणी जाळ्यांमधून चेंबरमध्ये, चेंबरमधून पावसाळी लाईनमध्ये आणि तिथून मागच्या भिंतीबाहेर उघड्या ओढ्यात जाईल, असे नकाशात आहे. नकाशा मी पाहिला आहे. नकाशात पाऊसही बेताचाच पडत असावा.

सोसायटीत पंप चालवायला व बाग बघायला गेनबा नावाचे गृहस्थ आहेत. ते मूळचे धायरी गावातले. त्यांच्या वडिलांचे शेत या ओढ्याला लागून होते. मी राहायला आले त्या वर्षी ते मला म्हणाले होते, "बाई, ह्यो वढा हाय. नळीत घातला म्हंजी त्यो काय मेला न्हाय. पानी आपली वाट इसरत न्हाय." मी ते तेव्हा हसण्यावारी नेले. दोन पावसाळे काही झाले नाही.

यावर्षी मार्च महिन्यात मागच्या प्लॉटवर दुसरे बांधकाम सुरू झाले. त्यांनी आपली कुंपणभिंत बांधली, ती नेमकी आमच्या पाईपच्या तोंडावर. भिंत उत्तम बांधली आहे, प्लास्टरही केले आहे. आमच्या कमिटीने त्याबाबत एक पत्र दिले व त्याची पोच फाईलला लावली. त्या पोचेने पाण्याला वाट मिळेल अशी कमिटीची समजूत असावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला तेव्हा लाईन तुंबली आणि चेंबर नंबर चारच्या झाकणातून पाणी वर आले. दोन तासांनी ओसरले. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी 'आपला स्वतःचा धबधबा' म्हणून व्हिडिओ टाकला. त्याला चौऱ्याहत्तर जणांनी हसरे चेहरे दिले, त्यात मीही होते.

चेंबर नंबर चार हे पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीला लागून आहे. टाकी काठोकाठ भरली की जास्तीचे पाणी बाहेर जावे म्हणून तिला एक पाईप आहे. तो विकसकाने याच चेंबरमध्ये सोडला आहे. वेगळी लाईन टाकण्याचे कष्ट वाचले. त्या पाईपला झडप नाही, जाळीही नाही. म्हणजे टाकी भरली की टाकीतले पाणी चेंबरमध्ये जाते आणि चेंबर तुंबले की चेंबरातले पाणी टाकीत येते. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी पाळला जातो. शिवाय रस्त्याकडेच्या सहा दुकानांचे संडास मैल्याच्या लाईनला न जोडता पावसाच्या लाईनला जोडलेले आहेत. हे मला जूनमध्ये माहीत नव्हते. माहीत असते तर हसरा चेहरा दिला नसता.

दिनांक ४ जुलैपासून सोसायटीत कावीळ सुरू झाली. पहिले दोघे सी विंगमधले. एकूण अकरा जण. कमिटीची तातडीची बैठक ६ तारखेला झाली, त्याला मी हजर होते. बाहेरची पाणीपुरी हे कारण एकमताने ठरले. सी विंगमधल्या एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत, त्या पाणीपुरी खायला कधी गेल्या, असे मी विचारले. चेअरमनसाहेब म्हणाले, "ताई, आपण विषय भरकटवू नका." सेक्रेटरी म्हणाले, "टाकीचं वगैरे बाहेर बोलू नका, फ्लॅटचे भाव पडतात." प्रत्येकाच्या घरी पाणी शुद्ध करायचे यंत्र आहे, असेही ठरले. ते आमच्याकडेही आहे. पण दात घासताना, फळे धुताना, नमाजाआधी वजू करताना माणूस बेसिनचा नळ सोडतो. अरिबाही तेच करत होती.

अरिबा माझी सून. तिला सातवा महिना चालू होता. ७ जुलै रोजी तिचे डोळे पिवळे दिसले. पिवळा मी ओळखते. सकाळच्या उजेडात मी तिला खिडकीपाशी बसवून पाहिले आणि त्याच तासाला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी सांगितले की दूषित पाण्याची कावीळ इतरांना पंधरा दिवस झोपवते, पण पोटुशी बाईला ती जिवावर बेतते. १२ जुलै रोजी अरिबाची प्रसूती झाली. रुग्णालयाच्या कागदावर जे लिहिले आहे ते सोबत जोडले आहे. ते मी तोंडाने सांगत नाही. मुलगी होती. त्याच दिवशी असरच्या नमाजानंतर दफन केले. अरिबा अजून रुग्णालयात आहे व तिची प्रकृती सुधारते आहे, असे मला सांगण्यात येते. भेटायची वेळ चार ते सहा आहे, तोपर्यंत हा जबाब आटोपावा अशी विनंती आहे.

यानंतर मला तीन दिवस काही सुचले नाही. दुकान बंद होते.

१६ जुलै रोजी पाऊस झाला. संध्याकाळी बेसिनच्या नळाला वास आला. मी खाली जाऊन गेनबांना विचारले तेव्हा त्यांनी चेंबर चार, टाकीचा पाईप आणि दुकानांचे संडास हे सगळे मला सांगितले. हे कमिटीला माहीत आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "म्या जूनमधीच सांगितलं व्हतं. म्हनले, तू झाडं बघ." मी त्याच दिवशी नळाचे पाणी बाटलीत भरून खासगी प्रयोगशाळेत दिले. अहवालाला पाच दिवस लागतील असे सांगितले. बाटली चेअरमनसाहेबांना दाखवली, तर तुम्हीच काही घालून आणले नाही कशावरून, असे ते म्हणाले. बँकेत चाळीस वर्षे सह्या ताडून पाहिलेला माणूस आहे, संशय घेणे हाताच्या सवयीचे.

मग मी माझ्या पद्धतीने ताडून पाहायचे ठरवले. आमच्या धंद्यात कापडाला कुठे शिवण उसवली आहे हे डोळ्यांना दिसले नाही तरी रंगाला दिसते. १८ जुलै रोजी सकाळी जोरात पाऊस होता व लाईन तुंबली होती. मी चेंबर चारमध्ये पन्नास ग्रॅम राणी रंग टाकला. हा कापडाचा रंग नाही. मिठाईवाले बर्फीत घालतात तो खायचा रंग आहे. कापडाचा रंग पोटात जाऊ नये हे मला कळते, कारण तक्रारीत म्हटल्याप्रमाणे मला रसायनांची माहिती आहे. डब्याचे लेबल सोबत दिले आहे. तासाभराने मी घरचा नळ पांढऱ्या परातीत सोडला. पाणी गुलाबी होते. फार नाही. गिऱ्हाईक म्हणते तसे, 'जरा कमी'.

ती परात घेऊन मी चेअरमनसाहेबांच्या दारात गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, "मला तर पाणी स्वच्छ दिसतंय." मी परात खिडकीपाशी नेऊ का, असे विचारले. ते म्हणाले, "रशीदाताई, तुमच्या घरी जे झालं त्याचं आम्हाला वाईट वाटतं. पण म्हणून सगळ्यांच्या डोक्यात काहीतरी भरवू नका." त्याच दुपारी, अफवा पसरवल्याबद्दल, मला सोसायटीच्या ग्रुपवरून काढले. नंतर त्या ग्रुपवर माझ्याबद्दल, माझ्या नावाबद्दल व आमच्या लोकांच्या पाण्यात काहीबाही टाकण्याच्या सवयींबद्दल जे लिहिले गेले त्याचे फोटो तन्वीरने मला दाखवले. ते जबाबात घेऊ नयेत. सरकारी कागद वाया जाईल.

आता डोहाळजेवणाबाबत. पायल ही चेअरमनसाहेबांची एकुलती एक मुलगी, सासर कोथरूडला. पहिलेच बाळंतपण म्हणून ती १३ जुलै रोजी माहेरी आली. तिलाही सातवाच. डोहाळजेवण २० तारखेला सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आहे हे मला २ जुलैपासून माहीत होते, कारण त्या दिवशी तिची आई मंदाकिनीताई हिरवी साडी घेऊन माझ्या दुकानात आल्या होत्या. परकर आणि ब्लाउजपीस त्याच हिरव्यात हवा होता. म्हणाल्या, "रशीदाताई, अगदी तोच हिरवा हं. आणि तुमच्याकडेही सातवाच ना? म्हणजे दोघी जोडीनं." मी तेव्हा अरिबाच्या बाळासाठी दुपटी रंगवायला घेतली होती, फिक्या पिस्त्याच्या रंगात. ती त्यांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन गालाला लावून पाहिली होती.

काम वेळेवर द्यावे म्हणून १९ तारखेला दुकान उघडले, परकर रंगवला, वाळवला, इस्त्री केली आणि संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या घरी नेऊन दिला. हिरवा अगदी तोच आला होता. मंदाकिनीताईंनी पुडके उंबऱ्यावरच घेतले. मी म्हटले, "उद्या स्वयंपाकाला आणि सरबताला क्लब हाऊसचा नळ वापरू नका. पायलला तर अजिबात..." त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. म्हणाल्या, "आज शुभकार्याचं घर आहे, ते विषय नकोत. आणि उद्या तुम्ही... म्हणजे तुम्हालाच त्रास होईल, म्हणून." मला आमंत्रण नव्हते ते का नव्हते, हे मला समजले. नुकतेच मूल गेलेल्या घरची सावली ओटीवर नको, असा तो हिशेब. पाण्यातला मैला चालेल. आतून पायलने विचारले, "आई, कोण आलंय?" मंदाकिनीताई म्हणाल्या, "कोणी नाही गं, रंगवाल्या आहेत."

मला राग आला. तो मी जिन्यातच गिळला, कारण आमच्या विंगची लिफ्ट बंद होती आणि तीन मजले चढायचे होते.

त्या रात्रीपासून पाऊस लागून राहिला. २० तारखेला सकाळी मी खाली पाहिले तेव्हा चेंबर चारपाशी पाणी झाकणाला टेकले होते. क्लब हाऊसचा नळ थेट खालच्या टाकीच्या पंपावर आहे. आचारी आले होते, नव्वद माणसांचे सरबत पिंपात करायचे होते व एक जण पिंप नळाखाली लावत होता. मी सात पन्नासला चेंबर चारमध्ये अर्धा किलो राणी रंग टाकला. पंप चालू होता, टाकीतली पातळी खाली जात होती आणि तेवढे पाणी चेंबरातून आत येत होते. हे मला आदल्या खेपेवरून माहीत होते. अर्धा किलोचा हिशेब मी टाकीच्या मापावरून केला. चष्मा पुसावा लागणार नाही, एवढा गडद हवा होता.

चेंबरचे झाकण कोणी उघडले, असे मला तीन वेळा विचारण्यात आले. मी उघडले. झाकण लोखंडी असून चाळीसेक किलोचे आहे, मी एकोणसाठ वर्षांची आहे व माझा उजवा गुडघा दुखतो. तरीही मीच उघडले. गेनबा त्या वेळी गुलाबांना पाणी घालत होते. भर पावसात गुलाबांना पाणी का घालत होते, हे मला माहीत नाही. त्यांची ती पद्धत असेल. तसे लिहून घ्यावे.

सव्वाआठ वाजता नळाला रंग आला. आधी आचारी ओरडला, मग सगळे जमले. पिंपातले पाणी लग्नातल्या शालूसारखे झाले होते. एका बाईंनी "रक्त, रक्त" म्हणून आरडाओरडा केला. मी खाली उभीच होते. मी म्हटले, "रक्त नाही, बर्फीचा रंग आहे. मी टाकलाय, पावसाच्या चेंबरमध्ये." चेअरमनसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पिण्याच्या पाण्यात रंग टाकलात?" मी म्हटले, "अहो आप्पासाहेब, मी गटारात टाकला. पिण्याच्या पाण्यात तो कसा आला, ते आपणच सांगा." यावर त्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस येईपर्यंत माझ्यावर विषाचा आरोप झाला होता. म्हणून मी त्या पिंपातले भांडेभर पाणी आचाऱ्याच्या शेगडीवर दहा मिनिटे उकळले, निवू दिले आणि सगळ्यांसमक्ष प्यायले. का उकळले, असे आपण विचारता. रंगाचा मला भरवसा होता. पाण्याचा नव्हता. चेअरमनसाहेबांना मी अर्धा पेला देऊ केला. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी गोड वर्ज्य सांगितले आहे असे ते म्हणाले. त्या पाण्यात साखर नव्हती.

डोहाळजेवण झाले नाही. हिरवी साडी नेसून, फुलांच्या वाडीत पायल तासभर बसून होती असे मला नंतर कळले. तिच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी राणी रंगाचे पिंप पाहिले, पायलला उठवले आणि दुपारी कोथरूडला घेऊन गेल्या. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक डोहाळजेवणाच्या दिवशी सासरी परत नेली, याबद्दल सोसायटीत फार हळहळ व्यक्त झाली. अकरा काविळींबद्दल एवढी झाली नव्हती.

काल सोमवारी टाकी उपसली. अकरा माणसांच्या काविळीने जी उपसली गेली नाही ती अर्धा किलो गुलाबी रंगाने एका दिवसात उपसली, त्याबद्दल मी कमिटीची आभारी आहे. तळाशी वीतभर काळा गाळ निघाला. गाळात गुटख्याच्या पुड्या, सिगारेटची थोटके आणि दुकानातल्या संडासात टाकतात तसले इतर सामान होते. पंचनाम्याला आपले कर्मचारी हजर होते. त्यातल्या एकाने सकाळी आमच्या क्लब हाऊसमध्ये चहा घेतला होता, तो बाजूला जाऊन ओकला. बाटलीचा अहवालही कालच आला. त्यातले जंतूंचे नाव मला उच्चारता येत नाही. डॉक्टरांनी त्याचे मराठी केले: मैला.

आता मला असे विचारण्यात आले आहे की समारंभात विघ्न आणण्याचा माझा हेतू होता काय. माझा मुलगा तन्वीर आयटी कंपनीत आहे. त्याने आज सकाळी मला सांगितले, "अम्मी, प्लीज, फक्त 'टेस्ट करत होते' एवढंच म्हण. इंटेन्शनचं काही ॲडमिट करू नको, केस स्ट्राँग होईल." मुलाचे ऐकावे असे मलाही वाटते. तथापि १८ तारखेचे पन्नास ग्रॅम ती टेस्ट होती. ती झाली होती, मला उत्तर मिळाले होते. २० तारखेचा अर्धा किलो टेस्ट नव्हती. तो मी समारंभ मोडण्यासाठीच टाकला. माझे त्या घरात कोणी ऐकत नव्हते, ग्रुपवर मी नव्हते आणि नव्वद पेल्यांचे सरबत होणार होते. त्यातला पहिला पेला पायलच्या हातात देणार होते. मैला कालवलेले पाणी दिसायला स्वच्छ असले की लोक पितात. रंगीत असले की पीत नाहीत. मला ते पाणी कोणाला पिऊ द्यायचे नव्हते. माझा हेतू होता, असे स्पष्ट लिहावे.

काल संध्याकाळी मला पायलचा फोन आला. नंबर तिने गेनबांकडून घेतला होता. म्हणाली, "काकू, अरिबाचं मला कोणी सांगितलंच नाही हो. मी विचारलं तर आई म्हणाली, ती तिच्या माहेरी गेलीये." मी तिला जे झाले ते सांगितले. मग तिने विचारले, "मी किती दिवस प्यायले असेन?" आम्ही दोघींनी मिळून मोजले. १३ तारखेपासून २० तारखेच्या सकाळपर्यंत, सात दिवस. दात घासले, गुळण्या केल्या, फळे धुतली. तिला आज काही त्रास नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे की ही कावीळ दिसायला सहा आठवडेही लागतात, तोवर काही सांगता येत नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, "परकराचा रंग छान आलाय, काकू." मी म्हटले, "थंड पाण्यात धू."

तक्रारीत माझ्यावर जी कलमे लावली आहेत ती मला वाचून दाखवण्यात आली. त्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही, ते कोर्ट बघेल. पण एक गोष्ट तक्रारीत नाही, ती मी आपणहून सांगते. पायल १३ तारखेला सकाळी अकरा वाजता बॅग घेऊन फाटकातून आत आली तेव्हा मी माझ्या गॅलरीत उभी होते. मी तिला पाहिले. तिचे पोट पाहिले. आदल्या दिवशी आम्ही दफन करून आलो होतो. मला तिच्याकडे पाहवले नाही, म्हणून मी आत गेले आणि गॅलरीचे दार लावून घेतले. पाण्यातच काहीतरी आहे हे डॉक्टरांनी मला तोवर सांगितले होते. मी त्याच वेळी खाली जाऊन तिला सांगितले असते तर तिने ऐकले असते, ती ऐकणारी मुलगी आहे. मी गेले नाही. पुढचे सात दिवस तिने ते पाणी प्यायले. रंग मला १३ तारखेला टाकायला हवा होता, तो मी २० तारखेला टाकला. या उशिराला जे कलम लागत असेल ते माझ्यावर लावावे, माझी हरकत नाही.

वरील मजकूर सोनाली मॅडम यांनी मला मराठीत वाचून दाखवला. मराठीत म्हणजे दुसऱ्या कशात दाखवणार होता, असे मी विचारले. छापील नमुन्यात तसे असते, असे त्या म्हणाल्या. 'टाकीत रंग टाकला' असे एका ठिकाणी आले होते, ते 'पावसाच्या चेंबरमध्ये टाकला' असे करून घेतले. शेवटचा परिच्छेद तक्रारीच्या बाहेरचा आहे, तो खोडू का, असे सोनाली मॅडम यांनी पेन खाली ठेवून दोनदा विचारले. मी नको म्हटले. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

सही
रशीदा नियाज रंगरेज
वेळ दुपारी ३.२५